सतरा नंबर आणि शंभर टक्के

जीप सुरू झाली तरी अब्बा खिडकी सोडेनात. दुसऱ्या कुणाच्या बापानं लेकीला जपून राहा, पोहोचल्यावर फोन कर, असं काही सांगितलं असतं. आमचे अब्बा पडले हायस्कूलचे हेडमास्तर. त्यांनी विचारलं, "तिकडं सनाच्या शाळेचा निकाल किती लागतो?" सना तेव्हा पाच वर्षांची, माझ्या मांडीवर बसून केळं खात होती. मी म्हटलं, अब्बा, तिला अजून बाराखडी यायचीय. जीपमधले सगळे हसले, मीही हसले, आणि दापोली मागे पडल्यावर पदर डोळ्यांना लावला तो मुंबईपर्यंत.

गावी राहिलेल्यांनो, तुम्हाला आठवत असेल, दहावीचा निकाल लागला की पेपरात तालुक्यातल्या शाळांची टक्केवारी यायची आणि अब्बा ओटीवर बसून ती मोठ्यानं वाचायचे. एखादी शाळा शंभर टक्के दिसली की चष्मा कपाळावर चढवून म्हणायचे, "आधी विचारा, सतरा नंबरला किती बसवले?" कच्च्या पोरांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावायचा. मग ती बाहेरून परीक्षेला बसतात आणि शाळेचा निकाल चकाचक राहतो. अब्बांनी हे कधी केलं नाही, म्हणून त्यांची शाळा कायम मधेच कुठेतरी लोंबकळत असायची.

वाटलं होतं, इकडे कतारला, दोह्यात तरी या टक्केवारीतून सुटेन. कसली सुटतेय! अल सद्दच्या आमच्या बिल्डिंगमध्ये शुक्रवारी चार घरं जेवायला जमली की बिर्याणीआधी इंडियन शाळांचे रिझल्ट वाढले जायचे. कुठली शाळा वर गेली, कुठली घसरली, कुणाचे मॅथ्सचे सर सोडून गेले. माझा नवरा अन्वर ट्रेडिंग कंपनीत क्लार्क, पण शाळांबद्दल बोलताना मिनिस्टरच. आम्ही सनाला सगळ्यात नावाजलेल्या शाळेत घातलं होतं. दरवर्षी शंभर टक्के! मी अब्बांना फोनवर ऐटीत सांगितलं. ते म्हणाले, मग तिकडं सतरा नंबर कुठं ठेवलाय तो बघून ठेव. मला अस्सा राग आला.

नववीत सनानं गणितात गटांगळ्या खाल्ल्या. शाळेनं आम्हाला बोलावलं. मॅडम फार गोड बोलल्या, चहासुद्धा पाजला, आणि म्हणाल्या की पुढचं वर्ष बोर्डाचं आहे, आत्ताच टीसी घेतलात तर मुलीचंच भलं होईल. घ्या, सापडला सतरा नंबर!

अन्वर म्हणाला, हिला गावी पाठवू, अब्बांकडे राहून दहावी करेल. ओळखीतल्या कितीतरी घरांचं असंच झालं होतं. आधी पोरं जातात, मागून आई जाते, आणि बाप इकडे बॅचलर रूममध्ये डाळ शिजवत बसतो. सना दार लावून एकच वाक्य घोकत होती, "मम्मी, आय अ‍ॅम नॉट गोइंग." पोर एकदा गेली की मागून मी आणि धाकटा इम्रानही, म्हणजे आमचं चौघांचं घर मोडलंच म्हणून समजा.

आमच्या शुक्रवारच्या गप्पांत एक शाळा नेहमी तळाला असायची. अबू हमूरकडच्या एका व्हिलात भरायची. मी टॅक्सी केली आणि थेट तिथं गेले. प्रिन्सिपल केरळच्या, पायात साधी चप्पल. त्यांनी मार्क बघितले, सनाकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "हमारा रिझल्ट नीचे रहता है, क्योंकि हम सबको बिठाते हैं." मला हसू फुटलं, थांबेचना. त्या बिचाऱ्या पाण्याचा ग्लास पुढे करत राहिल्या. त्यांना काय सांगू, की समोर माझे अब्बाच साडी नेसून बसलेत! अॅडमिशन तिथल्या तिथे पक्की केली. शुक्रवारच्या मंडळींनी नाकं मुरडली, मुरडेनात का.

वर्षभर त्या बाईंनी आणि त्यांच्या मॅथ्सच्या सरांनी सनाला पिळून काढलं. निकालाच्या दिवशी अन्वर ऑफिसच्या कॉम्प्युटरसमोर बसून त्याला अरबीत यल्ला, यल्ला, चल लवकर, म्हणत होता, मी फोन कानाला लावून ओट्याशी उभी. साइट उघडेना. मग एकदम त्याचा आवाज फाटला, "पास! मॅथ्समध्येसुद्धा!" सनानं मला उचलून गरागरा फिरवलं. धाकटा इम्रान शेजारच्या सगळ्या बेल वाजवून आला.

लगेच गावी फोन लावला. मार्क ऐकून झाल्यावर अब्बा म्हणाले, आणि शाळेचा किती? मी म्हटलं, यंदाही तळाला, काही पोरं नापास झाली. "सगळ्यांना बसवलं होतं?" सगळ्यांना, अब्बा. त्यांनी फोन अम्मीकडे दिला.

अम्मीनं आधी भरभरून दुवा दिल्या. मग हळूच म्हणाली, "अगं, ती टीसीची भानगड झाली तेव्हाच अब्बांनी सनासाठी फणसाच्या लाकडाचं टेबल करून घेतलं होतं. खिडकीपाशी ठेवलंय. रोज पुसतात. आता त्याचं काय करू?"

आम्ही वर्षभर इकडे देवाकडे मागत होतो की तिला तिकडे जावं लागू नये, आणि ते तिकडे टेबल पुसत होते. लोक मला विचारतात, घर कुठलं, दोहा की दापोली? राहते तर इथेच. पण पोर नापास झाली असती तरी जिथं तिची जागा मांडून ठेवलेली होती, त्याला दुसरं काय म्हणायचं?

"अम्मी, टेबल राहू दे," मी म्हटलं, "अजून इम्रानची दहावी व्हायचीय." ती हसली. मीही हसले, आणि पदर डोळ्यांना लावला.