बेसनाच्या विटांचं शहर

सुट्टीला गावी आलेल्या जुईचा फोन आला तेव्हा मी जालन्यात ऑफिसला निघायच्या गडबडीत होते. "आत्या, बाबा उठेनात..." एवढंच ती बोलली. मी वाटूरला पोचेपर्यंत अंगणात माणसं जमली होती. माझा दादा झोपेतच गेला. आता महिना उलटला, तरी रविवार आला की वाटूरची बस धरावी असं वाटतं...

दादानं इतिहासात एम.ए. केलं होतं. नोकरीच्या खटपटीत असतानाच वडील अंथरुणाला खिळले आणि तो शेती बघायला गावी आला, तो तिथलाच झाला. त्याबद्दल त्यानं कधी कुरकुर केली नाही. पुढे तापाचं निमित्त होऊन वहिनी गेली. तेव्हा जुई, त्याची एकुलती एक लेक, सहावीत होती. तिनं शाळा सोडली आणि जेवणही. दोन घास दूधभात खाऊन ताट सरकवायची. मी जाऊन तिच्या आवडीचं करायची, पण ती बघायचीसुद्धा नाही. दादाचे डोळे खोल गेले होते. "कमल, पोरगी हातातून चालली बघ," तो एकदा म्हणाला.

पुढच्या रविवारी गेले तर घरभर करपल्याचा वास. कधी चहाही न टाकलेला माणूस कढईत बेसन परतत होता.

"काय करून राह्यलास, दादा?"

"मोहेंजोदडो. तिच्या पुस्तकातलं."

ताटात थापलेलं बेसन काही केल्या आळेना. "गेलं शहर पुरात," दादा म्हणाला, आणि दारात उभी असलेली जुई कितीतरी दिवसांनी फिसकन हसली.

दुसऱ्या खेपेला वड्या जमल्या. त्यानं जुईच्या हातात सुरी दिली. "बराबर काप. जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. तिथल्या विटा अशाच व्हत्या." भिंती पाकानं जोडल्या. मधोमध मोठं स्नानगृह. पाणी झिरपू नये म्हणून तिथल्या लोकांनी डांबर लावलं होतं. दादानं घनसावंगीकडच्या गुऱ्हाळातली काकवी लावली आणि वर दूध ओतलं. कणकेचे शिक्के करून त्यांवर बैल कोरले नि तुपात तळले. अट एकच, हे शहर खाऊन संपल्याशिवाय दुसरं मिळणार नाही.

जुई बराच वेळ एका घराकडे बघत राहिली.

"बाबा, इथं राहणाऱ्या बाईचं नाव काय व्हतं?"

"ठाऊक न्हाई. त्यांची लिपी अजून कुणाला वाचता आली न्हाई."

"मंग ती बाई पुरती गेली?"

दादानं त्या घरावर बोट ठेवलं.

"पुरती कशी जाईल? तिनं चूल कुठं मांडली व्हती ते दिसतं की अजून. अंगणातलं पाणी कुठून जायचं तेही दिसतं."

जुईनं त्या घराची भिंत काढली आणि तोंडात टाकली. मग दुसरी. मी तोंड फिरवून उगाच भांडी आवरू लागले.

मग मुरमुऱ्यांचा पिरॅमिड झाला. कलाकंदाच्या ठोकळ्यातून वेरूळचं लेणं वरून खाली कोरलं; निघालेला चुरा कारागिरानं खायचा, असा नियम होता. एम.ए. होऊन वड्या थापतो म्हणून गाव हसायचं. "हसू दे. पोरगी जेवून राह्यली ना?" तो म्हणायचा. काही महिन्यांनी जुई आपणहून दप्तर घेऊन शाळेत गेली. आज ती पुण्यात बँकेत आहे. ती शिकायला बाहेर पडल्यावरही दादाकडे रविवारी आळीतली पोरं येतच राहिली.

चौदाव्याला पाहुण्यांसाठी चहा टाकताना माझी कंबर भरून आली. घर दुरुस्त करताना दादानं स्वयंपाकाचा ओटा मुद्दाम ठेंगणा बांधून घेतला होता, पोरांचे हात पोचावेत म्हणून. स्वतः एवढा उंच माणूस, पण इतकी वर्षं वाकूनच रांधत राहिला.

परवा जुई घर आवरायला आली होती. गळती बघायला आलेला गवंडी म्हणाला, "ताई, आलोच हाय तर वटा उंच करून देऊ का?"

"न्हाई, राहू द्या."

मग तिनं पोळ्या लाटायला घेतल्या. मी दारातून पाहिलं... ओट्यावर वाकलेली ती पाठ हुबेहूब दादाची होती.