माहेरापर्यंत बावीस ब्रेकर

दस्तगीरभाईंच्या त्या इटालियन गाडीवर माझा पहिल्यापासून राग आहे. आधीच सांगून टाकतो, उगाच मला निःपक्षपाती समजू नका.

लातुरात आमची दुकानं भिंतीला भिंत लागून. माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं, त्यांचं गाड्यांच्या सीटा शिवायचं. बारा वर्षांपूर्वी ते हैदराबादच्या एका शौकीन गिऱ्हाइकाकडं सीटा शिवायला गेले आणि त्याची जुनी लाल गाडीच घेऊन आले. दोन दारं, दोनच माणसांची जागा, आणि पोट जमिनीपासून वीतभरही वर नाही. दिसायला देखणी, खोटं कशाला बोलू? पण एकेका पार्टसाठी महिनोन् महिने वाट बघायची, आणि मागं ज्वारीचं एक पोतं मावायचं नाही.

"सुंदर हाय, गुणी न्हाई," दस्तगीरभाई हसून म्हणायचे. "सगळंच एकात कुठं मिळतंय?"

खरी पंचाईत स्पीडब्रेकरची. दोघं बसले की गाडीचं पोट घासायचं. म्हणून दर ब्रेकरपाशी ते गाडी थांबवत, त्यांच्या बायकोनं, शहजादीभाभींनी, उतरायचं, चालत पलीकडं जायचं. मग हे गाडी तिरकी घालून काढत आणि भाभी पुन्हा बसत. भाभींचं माहेर औशाच्या पलीकडं, आतल्या रस्त्यावर. तिथवर बावीस ब्रेकर. त्यात भाभींचे गुडघे गेलेले. मी एकदाच त्या सीटवर बसून गेलो आणि सातव्या ब्रेकरला हात जोडले.

"भाभी, एसटीनं जावा की," मी म्हणायचो.

"घरची गाडी सोडून? हे चार दिवस तोंड पाडून बसतील, भाऊ."

मे महिन्यात एका दिवशी साडेअकराच्या सुमाराला माहेरून फोन आला. भाभींची धाकटी बहीण नाझनीन गेली. आई लवकर गेल्यानं भाभींनीच तिला लहानाची मोठी केलेली. त्यांचा भाऊ कलीम म्हणाला, जोहरची, म्हणजे दुपारची नमाज झाली की जनाजा उठेल, उन्हाचं थांबता येणार नाही. त्यांच्याकडं बायका कब्रस्तानात जात नाहीत. शेवटचा चेहरा बघायचा तो घरातच.

मी रिक्षा बोलवायला निघालो, तर दस्तगीरभाईंनी अडवलं.

"घरची गाडी दारात हाय. तासाभरात पोचतो की."

त्या दिवशी भाभींना उतरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत होता. रडून रडून अंगात त्राण नव्हतं. ते पोचले तेव्हा घरात फक्त बायका होत्या. जनाजा जाऊन दहा मिनिटं झाली होती.

चार दिवसांनी मी भेटायला गेलो. दुःखाच्या घरी बोलू नये, पण मला राहवलं नाही.

"घासलं असतं गाडीचं पोट, तर काय बिघडलं असतं?"

दस्तगीरभाई म्हणाले, "सुचलंच न्हाई. खरंच सुचलं न्हाई, दोस्त."

मग मी भाभींवरही चिडलो. म्हटलं, निदान तुम्ही तरी बसून राहायचं होतं.

भाभी डोळे न पुसता बोलल्या, "ब्रेकर आला, ह्यांनी थांबवली, मी उतरले. बावीसच्या बावीस. तिचं नाव घेत घेत उतरले, भाऊ, पण उतरले."