बिरुदेवची ओवी

बिरुदेवला मी कितपत ओळखत होतो, ते मलाच नीट सांगता येत नाही. आमच्या दारावरून तो रोज शेळ्या घेऊन जायचा, एवढीच ओळख.

बिरोबापुढं भंडारा उधळूनच म्हणायची, बाहेर कुठं नाही, अशी एक ओवी त्याच्या घराण्यात होती. तरुणपणी हौसेनं ती त्यानं एका रॉक बँडवरच्या सिनेमात गायली. सिनेमा आठवड्यात उतरला. "देवानं झाकून घेतलं," असं तो म्हणायचा.

यंदा तीच ओवी मोबाइलवर गाजली आणि सोलापुरात सिनेमा पुन्हा लागला. रिक्षातून, वरातीतून गिटारीसोबत त्याचा तरुण आवाज येऊ लागला.

"बिरूमामा, हिरो झाला की!" पोरं ओरडायची. तो हसायचा नाही. गाणं जसं वाढत गेलं, तसा त्याचा घसा बसत गेला. डॉक्टरला काही सापडलं नाही.

यात्रेत ओवी त्यालाच म्हणायची होती. जाताना आमच्या दारात थांबून तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "देव तोंड उघडू देतो का बघू."

ओवी सुरू करताच तो देवापुढं कोसळला आणि गेला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तो दारात थांबला तेव्हा मला एवढंच सुचलं होतं, "ऊन फार आहे, सावलीनं जा."

"व्हय. तुमी बी आत जावा की, तात्या."