बदलीचा ट्रंपेट

मी वसई सोडली त्या दुपारी विमानतळाची टॅक्सी आमच्या पाचूबंदरच्या गल्लीत शिरेना, म्हणून माझ्या दोन्ही बॅगा बस्त्याव काकानं डोक्यावर घेऊन मोठ्या रस्त्यापर्यंत नेल्या. समोरच्या घरात राहणारा हा काका रक्ताचा कुणी नाही, बाबांचा लहानपणापासूनचा जोडीदार. बॅगांना त्यानं जाळ्याची दोरी इतकी करकचून बांधली होती की मेलबर्नला उतरल्यावर ती कापायला कात्री मागवावी लागली. मागून बाबा चालत होते, काखेत उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली एक लाँगप्ले रेकॉर्ड. वाटेत कुणीतरी ओरडलं, "डुमनिक, पोरगी चालली, ट्रंपेट वाजव की!" बाबा म्हणाले, "वाजवून घालवतात ती नवरी, नायतर मयत. ही परत येनार हाय."

टॅक्सीत बसल्यावर त्यांनी रेकॉर्ड माझ्या मांडीवर ठेवली. "तिकडं नेऊन ठेव. इथल्या खाऱ्या हवेत हिला बुरशी लागते. आनि कोनी इचारलं तर सांग, नाव माझं हाय, वाजवलंय बस्त्यावनं." काकानं टॅक्सीचं दार लावलं आणि म्हणाला, "गप रे डुमन्या, पोरीला इमान पकडू दे."

म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. खुद्द बाबांनी, निघतानाचे शेवटचे शब्द म्हणून, हेच सांगितलं होतं.

तुम्हा वसईकरांपैकी जे पाचूबंदरला राहिलात त्यांना बाबा आणि काका ठाऊक आहेत ते लग्नाच्या बँडमधले. दोघांनाही चर्चच्या कॉयर मास्तरांनी नोटेशन शिकवलं. सकाळी होडीवर आणि सणावारी ट्रंपेटवर, असं त्यांचं तरुणपण गेलं. पण त्या काळात मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजायचं, आणि नोटेशन वाचणारा, वेळेवर येणारा, दारू पिऊन स्टेजवरून न पडणारा ट्रंपेटवाला मिळणं मुश्कील होतं. या दोघांत तिन्ही गुण होते, निदान पहिले दोन नक्की. मुंबईच्या एका पियानोवाल्यानं सात जणांचा बँड काढला, डॉकयार्ड सेव्हन. त्यात बाबा होते. त्यांची एकच रेकॉर्ड निघाली, एका दिवसात ध्वनिमुद्रित झालेली, आठ तुकड्यांची. ती फारशी खपली नाही आणि बँडही लवकरच मोडला.

रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी बाबांची अक्कलदाढ काढली होती. गाल भोपळ्याएवढा सुजला होता. ट्रंपेटवाल्याचं सगळं ओठांवर आणि दातांवर चालतं, त्यामुळे त्यांच्याकडून फुंकर निघेना. (मी पुढे इथे दातांच्याच दवाखान्यात नोकरीला लागले, तेव्हा बाबा फोनवर म्हणाले होते, तीस वर्सं आधी का नाय लागलीस?) मग त्या धंद्यात जे करायचे तेच झालं. आपल्याला जमत नसेल तर आपल्या तोडीचा माणूस पाठवायचा, त्याला बदली म्हणायचं. बदली ज्याच्या जागी जाई त्याच्या नावावर वाजवी आणि गुपचूप परत येई. वाजवलेलं चांगलं झालं तर शाबासकी मूळ माणसाला, वाईट झालं तर शिव्याही त्यालाच. बदलीनं नंतर कुठे तोंड उघडायचं नाही, हा नियम. बस्त्याव काका गेला, आठही तुकडे वाजवून आला, आणि रेकॉर्डच्या पाठीवर छापून आलं, ट्रंपेट: डुमनिक.

दुसऱ्या बाजूचा तिसरा तुकडा तुम्ही ऐकायला हवा. तो संथ आहे. मध्येच बाकी सगळे थांबतात आणि ट्रंपेट एकटाच बोलायला लागतो, जवळून, हळू, कुणी कानाशी येऊन विचारावं, जेवलीस का, तसा. तो आवाज तसा येतो कारण काकानं ट्रंपेटच्या तोंडावर नारळाची अर्धी करवंटी धरली होती. ती करवंटी मी लहानपणी पाहिली आहे. कडा घासून गुळगुळीत केलेली, आणि काका तिला कुणाला हात लावू देत नसे.

आठ वर्षांपूर्वी बाबा गेले. मी पोहोचले नाही. माझा पासपोर्ट नागरिकत्वाच्या कागदांत अडकला होता, हे खरं आहे, आणि जोर लावला असता तर तो दोन दिवसांत सुटला असता, हेही खरं आहे. मी दफन मोबाइलवर पाहिलं, क्लिनिकच्या मागच्या खोलीत, दोन पेशंटच्या मधल्या वेळात. कबरीशी बस्त्याव काका उभा राहून वाजवत होता. पंच्याहत्तरीच्या घरातला माणूस, ओठ थरथरत होते, दोनदा सूर फाटला. आमच्या घरातलं माणूस म्हणून त्या जागी मी असायला हवी होते आणि उभा होता तो. तेव्हाही बदलीच.

त्यानंतर पाच वर्षांनी हॉलंडमधून एका तरुणाचा ईमेल आला. जुन्या, विसरलेल्या जाझ रेकॉर्ड शोधून पुन्हा काढणारी त्यांची छोटी कंपनी. वसईकरांच्या एका फेसबुक ग्रुपवरून त्यानं मला शोधलं होतं. त्यानं विचारलं होतं, या रेकॉर्डवरचे ट्रंपेट वाजवणारे डुमनिक तुमचे कोण?

मी लिहिलं, माझे वडील.

यात खोटं काही नव्हतं. पण त्यानं लगेच पुढचं विचारलं. तो तिसऱ्या तुकड्यातला ट्रंपेट आम्ही शंभर वेळा ऐकला, तसा आवाज आणखी कुठे ऐकला नाही, ते काय वापरत? आणि मी, शिफ्ट संपवून ट्रामच्या स्टॉपवर उभी असलेली मी, एका हातात कॉफी धरून टाइप केलं, करवंटी. माझ्या बाबांची करवंटी.

का केलं असं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ज्या बापाला मूठभर माती द्यायला गेले नाही त्याला काहीतरी मोठं द्यावं असं वाटलं असणार. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून दिलं. त्या तरुणानं आठवणी मागितल्या तर मी तीन पानं लिहून पाठवली. होडी वल्हवून कमावलेला दम, भरतीच्या वेळी खडकावर बसून केलेला रियाज. तेही काकाचं होतं. बाबा रियाज घरात करायचे, आईच्या शिव्या खात.

रेकॉर्ड निघाली. सोबत देखणी पुस्तिका, तिच्यात बाबांचा लग्नाच्या बँडमधला फोटो आणि माझी तीन पानं. लंडनच्या एका रेडिओवर तो तुकडा लागला. मी फोटोचं पान मोठं करून, फ्रेम करून आईला पाठवलं. ग्रुपवर पाचूबंदरच्या लोकांनी अभिनंदनाचा पाऊस पाडला. बस्त्याव काका ग्रुपवर नाही, त्याच्याकडे बटणांचा फोन आहे, हे मला सोयीचं होतं.

यंदा मी तीन आठवडे घरी गेले. वसई बदलली आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. माझी चुलत बहीण आता बोळिंजला सोळाव्या मजल्यावर राहते आणि तिला समुद्र फक्त टेरेसवरून दिसतो. आमची गल्ली मात्र तेवढीच अरुंद, बांबूच्या वलांड्यांवर वाळत घातलेले बोंबील तसेच लटकलेले. घरात शिरल्यावर समोर येशूचा आल्तार, त्याच्या शेजारी मी पाठवलेली फ्रेम. आईनं तिला दिव्यांची माळसुद्धा लावली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी विचारलं, काका दिसला नाही, बरा आहे ना? आमच्याकडे त्याचा सकाळचा चहा माझ्या जन्माच्या आधीपासूनचा. बाबा गेल्यावरही तो यायचा, बाबांच्या खुर्चीत न बसता शेजारच्या स्टुलावर बसायचा.

"येत नाय," आई म्हणाली. "ह्यो फोटो लागल्यापास्नं येत नाय."

"मग लावलास कशाला? तुला माहीत होतं ना?"

"दाढेत लवंग मीच दाबली होती तुझ्या बाच्या, मना नाय म्हायत?" आईनं चहा गाळला. "पन पोरीनं परदेशातनं पाठवलंय. नाय लावलं तर तुला वाईट वाटेल. लोकं पन इचारतात, रीटानं पाठवलेलं दाखवा. मंग लावला."

इतक्या वर्षांत मी घरी किती वस्तू पाठवल्या असतील. भिंतीवरचं घड्याळ, मायक्रोवेव्ह, सांधेदुखीच्या गोळ्या. त्यांतलं काय आईला हवं होतं आणि काय तिनं केवळ मी पाठवलं म्हणून वागवलं, हे त्या सकाळी मला पहिल्यांदा कळेनासं झालं. आपण जे लांब गेलो त्यांना उंटावरून शेळ्या हाकायची सवय लागते. खाली शेळ्यांच्या मागे धावणारा कुणीतरी असतो, तो दिसत नाही.

मी काकाकडे गेले. तो ओट्यावर जाळं सांधत बसला होता. नजर अधू झाली आहे, बोटं अजून चालतात. मी मोबाइलवर तो तिसरा तुकडा लावला. त्यानं तो पन्नास वर्षांत ऐकला नव्हता, त्याच्याकडे कधी रेकॉर्ड वाजवायचं यंत्रच नव्हतं. ट्रंपेट एकटा झाला तशी त्याची बोटं थांबली. संपल्यावर तो म्हणाला, "डुमन्यानं काय वाजवलंय गो!"

"काका, हा तू आहेस."

"मी बदली गेलतो."

"मी खोटं लिहिलंय, काका. मला माफ कर. मी त्यांना कळवते, तुझं नाव घालायला सांगते."

तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "नको करू तसं, बाय. बदली गेलेला मानूस नाव मागत नाय. डुमन्या पन तीनदा माझ्या जागी गेलता, एकदा मना कावीळ झालती तवा. त्याचा हिशोब आमचा आमच्यात झालाय."

"मग तू चहाला का येत नाहीस?"

त्यानं जाळ्यातली एक गाठ आवळली. "तिथं बसल्यावर कोनी येतं, फोटो बघतं, म्हंतं, काय मानूस होता डुमनिक. मी काय बोलू? हो म्हनलं तर मी खोटा, नाय म्हनलं तर तो खोटा. त्यापरीस घरी बरा."

त्यानं इतकं स्पष्ट सांगितलं होतं. आईकडून फ्रेम काढून घ्यायची, गप्प बसायचं, एवढंच मला करायचं होतं. पण मेलबर्नला परतल्यावर मला झोप येईना, आणि माझी झोप मला त्याच्या शब्दापेक्षा मोठी वाटली. मी हॉलंडला सगळं खरं लिहिलं. बदली, दाढ, करवंटी कुणाची, सगळं. तो तरुण भारावून गेला. ही तर आणखी सुंदर गोष्ट आहे, म्हणाला. एका दिवसात त्यांनी वेबसाइटवर नाव बदललं, ट्रंपेट: बस्त्याव. वर एक छोटा लेखही टाकला. तो ग्रुपवर आला. अर्धं गाव काकाच्या ओट्यावर फुलं घेऊन गेलं, कुणी मोबाइलवर त्याची मुलाखत घेतली. त्यात तो एक शब्द बोलत नाही, फक्त जाळं उलटसुलट करतो.

करायला गेले एक. त्याचा नियम त्यानं पन्नास वर्षं पाळला आणि माझ्या मनाच्या शांतीसाठी मी तो त्याच्या वतीनं मोडला. आईनं फ्रेम काढली तरी तो आला नाही. तिनं बोलावणं पाठवलं तर म्हणाला, "मेलेल्या मानसाचं नाव काढून माझं घातलंय. आता त्याच्या घरात कोनत्या तोंडानं पाय ठेवू?"

म्हणून तुम्ही जे तिथे आहात त्यांना माझी एक विनंती आहे. काका भेटला तर त्याचं अभिनंदन करू नका. रेकॉर्डचं, रेडिओचं, माझं नाव काढू नका. बोंबलाला काय भाव आला ते विचारा आणि जमलं तर बोलत बोलत त्याला आमच्या दारापर्यंत घेऊन या. आणि तुम्ही जे माझ्यासारखे गेलात, ते घरी काही पाठवण्याआधी, वस्तू असो की सत्य, एकदा विचारून घ्या.

मी बावीस वर्षं समजत होते की घर म्हणजे जिथे आपली वाट बघतात ते. आता मला वाटतं, आपण केलेलं जिथे कुणाला तरी रोज निस्तरावं लागतं, ते घर. दर रविवारी मी फोन करते, आणि आईच्या गुडघ्यांच्या आधी तेच विचारते, आला होता का? ती म्हणते, नाय. गेल्या रविवारी मी रडले. म्हटलं, आई, मी खरं सांगायला नको होतं का?

"खरं सांगितलंस, बरं केलंस," आई म्हणाली. "पन बाय, सकाळी दार उघडलं की समोर तो मना दिसतो. तुला नाय."