सिनेमावाल्याला द्यायचं पुस्तक

रामबाई,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तुम्ही नाहीतच. तेव्हा मनमोकळं लिहिते. मधे बोलू नका, ती तुमची जुनी खोड.

छप्पन्न साली मी बी.ए. होऊन हिंगणीच्या शाळेत आले. गावाला माझ्या बी.ए.चं काडीचं कौतुक नव्हतं. तुम्ही मात्र नवरा गेल्यापासून चिंचेची झाडं मक्त्यानं घ्यायचात, आणि दुपारी तुमच्या अंगणात चिंचा फोडणाऱ्या बायकांना कादंबरी वाचून दाखवणारं माणूस तुम्हाला हवं होतं. कादंबरीतली द्वारका काळी, तोंडावर देवीचे वण. मारकुट्या नवऱ्याला सोडते आणि शिवणाच्या मशीनवर पोट भरते. तुमची जिजा तेव्हा पाठीवर वळ घेऊन माहेरी आलेली, आणि जावई न्यायला येणार होता. द्वारकेनं उंबरा ओलांडला त्या दुपारी तुमच्या हातातली चिंच तशीच राहिली.

"बाई, हे छापलेलं हाय ना? मंग असं करता येत असन."

तेवढ्यात त्याच कादंबरीचा सिनेमा वर्ध्याला लागला. अख्खं अंगण बसमध्ये बसून गेलं. पडद्यावरची द्वारका गोरीपान. मार खाल्ला तरी केसाची बट हलत नाही. शेवटी नवऱ्याला खोकला लागतो आणि ही गाणं म्हणत परत येऊन त्याच्या पाया पडते. बायका पदर भिजवून परतल्या.

दुसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडलं.

"काळी कशी? आमी पाह्यली ना डोळ्यानं!" पुनाजीची बायको म्हणाली. "तुमचं पुस्तक चुकलं, बाई."

पुस्तक आधीचं, सिनेमा नंतरचा, हे सांगून मी घसा कोरडा केला. ऐकतं कोण? पुस्तकात गाणी नव्हती. मग सगळ्या जिजाकडे वळल्या. "पाह्य, द्वारका गेली का नाई वापस? तू काऊन बसून राह्यली?" जिजा गाठोडं बांधायला उठली. माझं धाबं दणाणलं.

जावई आला तो खोकतच. त्यानंही सिनेमा पाहिला होता!

तुम्ही अडुळशाचा काढा उकळलात, गिलास त्याच्या हातात दिलात. "खोकल्याले काढा असते, जावईबापू. पोरगी नसते." संध्याकाळच्या बसनं तो एकटाच गेला.

जिजाला पुढं शिवण मुळीच जमलं नाही. तिनं म्हशी पाळल्या. कादंबरीनंही फार टेंभा मिरवू नये.

मग तुम्ही मला काम सांगितलंत. "बाई, वर्ध्याले जाल तं हे पुस्तक सिनेमावाल्याले देजा. म्हणा, शेवट चुकला तुमचा, दुरुस्त करून दाखवा."

"अहो, तो नुसता खेळ लावतो!"

"मंग ज्याच्यापासून आणला त्याले सांगन तो."

मी गेले तेव्हा तिथं दुसराच सिनेमा लागला होता. पोस्टरवर पुन्हा एक गोरीपान, कुणाच्या तरी पायाशी. दार बंद होतं. पुस्तक पिशवीतून परत आलं. पुन्हा नेऊ म्हटलं, ते अजून माझ्याच कपाटात आहे.