वली हवालदाराची गिनती

जुन्नरच्या कागदी गल्लीत वली इस्माईलइतका चालणारा माणूस दुसरा नव्हता. लढाई संपून तो बसऱ्याहून परत आला, त्याला सहा महिने झाले, पण त्याचं बूड काही जमिनीला टेकेना. घरच्या धंद्याच्या, कागद करायच्या लगद्याच्या हौदापाशी जाई, चार कागद उचली, पाचवा हातात तसाच ठेवून बाहेर पडे. नारायणगावच्या रस्त्याला लागे, वारूळवाडीच्या वडापर्यंत जाई, वडाकडे बघून फिरून माघारी येई. जाऊन-येऊन आठ-दहा कोसांची ही रपेट, आणि काम म्हणाल तर काडीचं नाही.

"पायाला भिंगरी बांदलीया का?" बायको ताहेरा वैतागून म्हणे. "लडाई सरली की! आता तरी बसा घटकाभर."

तो बसे तो एकाच कारणानं. फौजेतल्या हुद्द्यांचा विषय निघाला, की दंडावरच्या तीन फितींवर हात फिरवत तो समोरच्याला उठू देत नसे.

"हवाला म्हंजी सोपवलेली चीज," तो सांगे, "अन् दार म्हंजी ती राखणारा. शिवनेरीवर हवालदार व्हता, तवा अख्खा गड त्याच्या हवाली. किल्ल्या कमरेला! आज त्योच हवालदार, अन् हाताखाली माणसं किती, तर मूठभर. सुभेदाराचंबी तेच. कवाकाळी सुभा राखायचा, आता कुंपनीच्या चार तंबूंपुढं उभा ऱ्हातो. नाईक म्हंजी डोंगरचा पुढारी, त्याला दिल्या दोन फिती. आपलं शब्द साहेबाच्या फौजेत गेलं अन् आटलं राव! अन् साहेबाचा शब्द बगा. त्याचं पलाटून पाच-पन्नास माणसांचं. आपल्या तोंडात आलं, पलटण झालं, अन् फुगून हजाराचं झालं!"

लोक हसत. पण 'सोपवलेली चीज राखणारा' एवढं कुणी पुन्हा म्हणून दाखवलं, की वली उठलाच. टोपी घाली आणि चालू लागे. लोकांना वाटे, लढाईत डोकं फिरलंय बिचाऱ्याचं. डोकं चांगलं शाबूत होतं. तेच तर दुखणं होतं.

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. तेव्हा वली मराठा पलटणीत दोन फितींचा नाईक होता आणि रजेवर गावी आला होता. निघताना साहेबानं सांगितलं होतं, दहा माणसं भरतीला आण आणि तिसरी फीत घे. वलीनं ओतूरचा बाजार पालथा घातला, आळे गावात हिंडला, घाट चढून आणे गावच्या पठारावर गेला. दहावं नाव तिथं मिळालं. ठकूबाईचा थोरला, सयाजी. बाई विधवा, दोनच लेक. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "पोरगं तुमच्या हवाली करते, हवालदार."

वली अजून हवालदार झाला नव्हता. पण तो शब्द कानाला इतका गोड लागला, की त्यानं तिची चूक काही दुरुस्त केली नाही.

निघायच्या दिवशी वारूळवाडीच्या वडाखाली पुण्याला जाणारे खटारे उभे होते. वलीनं कागद काढून गिनती घेतली. पलटणीत सकाळ-संध्याकाळ ही हजेरी ठरलेलीच. नाव पुकारायचं आणि माणसानं ठणकावून 'हाजर' म्हणायचं. नऊ जण ठणकावून बोलले. दहावं नाव पुकारलं, सयाजी, आणि कुणी बोलेना.

तेवढ्यात ठकूबाईचा धाकटा, कुंडलिक, धापा टाकत आला. एकोणीस वर्षांचा, काटक, हसऱ्या तोंडाचा. हातात फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या.

"दादा कुटं हाय? आईनं ह्या मागनं धाडल्या. तो तर पहाटंच निघालाय."

सयाजी वाटेतच कच खाऊन आजोळी पळाला होता. वलीनं खटाऱ्यांकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. नऊ माणसांना तिसरी फीत नव्हती.

"तू येतोस?" त्यानं विचारलं. "पर नाव सयाजीचं लिवलंय."

कुंडलिक हसला. "मग मी सयाजी."

"सयाजी!" वलीनं पुकारलं.

"हाजर!"

पुण्यात गेल्यावर नाव बदलून घेऊ, असं वलीनं मनाशी ठरवलं होतं. पुण्यात डॉक्टरनं छाती मोजली, कारकुनानं कागदावर शिक्का मारला आणि वलीच्या दंडावर तिसरी फीत शिवली गेली. मग कुठलं नाव आणि कुठला बदल! आपण भरती झालो एवढं कुंडलिकनं घरी कळवलं, नावाची भानगड मात्र कळवू दिली नाही. आईला घोर नको म्हणाला.

बसऱ्याच्या मुलखात रोज दोनदा वली त्याला सयाजी म्हणून पुकारी आणि रोज दोनदा तो हाजर म्हणे. एकदा पाणी भरता भरता पोरगा म्हणाला, "हवालदार, गिनतीला एकदा तरी माज्या नावानं हाक मारा की. कान तरसल्यात."

"गिनतीला न्हाई जमायचं, लेका," वली म्हणाला.

दोन महिन्यांनी पटकीची साथ आली. एका दुपारी कुंडलिक गेला. पलटणीच्या कागदावर सयाजी मेला.

तो सरकारी कागद आण्यात पोचला, तेव्हा सयाजी अंगणात बैलाला वैरण घालत होता. सगळं गाव हसलं. ठकूबाईनं घरोघरी गूळ वाटला. "सरकारचं काय सांगावं बाई, जित्या माणसालाबी मारतंय!" आणि कुंडलिकच्या नावाचा कागद काही आला नाही, म्हणजे कुंडलिक खुशाल. हिशेब सरळ होता. वली परत आल्यावर ओतूरच्या बाजारात तिनं त्याला गाठलं. "हवालदार, माजा कुंडलिक कदी येतुया?"

"दुसऱ्या पलटणीत धाडलाय," वली म्हणाला. "येईल."

त्या दिवसापासून त्याचे पाय थांबले नव्हते.

आणि मग आण्याच्या पाटलाचं, सावळारामचं, बोलावणं आलं. सरकार गावोगाव दगडी पाटी बसवत होतं. या गावातून इतके लढाईस गेले, पैकी इतके कामास आले, म्हणजे मेले, एवढंच त्यावर. आकड्याचा घोळ आहे, हवालदारांनी येऊन मिटवावा.

त्या दिवशी वलीनं ताहेराला सगळं सांगितलं. खोटी गिनती घेतली हे वर कळलं तर फीत जाईल, हवालदारी जाईल, कदाचित तुरुंगही होईल, हेही सांगितलं.

ताहेरा म्हणाली, "फीत गेली तर गेली. ती बाई रोज एक भाकरी जास्ती थापत असंल."

आण्याच्या चावडीपुढं पाटी जमिनीवर आडवी पडली होती. 'गेले सात, पैकी कामास आले' एवढं कोरून झालं होतं. पुढची जागा कोरी. पाथरवट छिन्नी धरून बसला होता. गाव गोळा झालं होतं आणि सगळ्यात पुढं ठकूबाई, शेजारी सयाजी.

"सरकारी कागुद म्हणतोय दोन," पाटील म्हणाला. "पर सयाजी तर ह्यो उभा हाय. म्हंजी दुसरा गडी गेला तेवडाच, एकच. बोला हवालदार, एक कोरू द्या?"

नुसतं 'हां' म्हटलं असतं तर भागलं असतं. दगडावरचं कोण खोडणार? वलीचे पाय घाटाच्या दिशेला वळवळले. ठकूबाई त्याच्याकडे बघून हसली.

"दोन," वली म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. वड, खटारे, भाकऱ्यांचं फडकं, तिसरी फीत, पटकी. काही लपवलं नाही. सयाजी मटकन खाली बसला. पाटील म्हणाला, "हवालदार, हे वर कळवावं लागंल."

"कळवा," वली म्हणाला.

ठकूबाई रडली नाही. जवळ आली. "जाताना तुमी जवळ व्हता?"

"व्हतो, मावशी."

"कंच्या नावानं हाक मारलीत?"

"सयाजी," वली म्हणाला. "त्यो म्हनला व्हता, एकदा तरी माज्या नावानं पुकारा. म्या न्हाई पुकारलं."

"मग आता पुकारा."

वलीनं टाचा जुळवल्या. छाती पुढं काढली आणि गिनतीच्या आवाजात, सबंध पठाराला ऐकू जाईल असं पुकारलं, "कुंडलिक!"

सयाजी ढसाढसा रडत होता. रडता रडता तो उठला आणि भावाच्या वतीनं बोलायला त्यानं तोंड उघडलं, "हा..."

ठकूबाईनं झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "न्हाई. एकानं दुसऱ्याच्या नावाला ओ दिली, तेवडं पुरं झालं."

वलीनं दंडावरच्या फिती उसवल्या, पाटलाच्या हातात दिल्या आणि त्या दगडाशेजारी मांडी घालून बसला. ठकूबाई पाथरवटाकडे वळली.

"कोर, बाबा," ती म्हणाली. "दोन."