कुरण वाचलं!

पुलाउ उबीन या सिंगापूरच्या बेटावर जाणाऱ्या बोटीत माझ्या शेजारी एक अमेरिकन आजी बसल्या होत्या. मोबाइलवर मेसेज आला आणि त्या किंचाळत उभ्याच राहिल्या. त्यांच्या गावाबाहेरचं कुरण बिल्डरला न देता मोकळं ठेवायचं, असं गावानं मतदान करून ठरवलं होतं. त्यासाठी जादा कर भरायलाही लोक तयार झाले होते. आजींनी मला मिठी मारली, मग समोरच्या चिनी जोडप्याला. बोट डुलायला लागली.

“आंटी, सिट डाऊन लाह!” नावाडी ओरडला.

“माझा नवरा दुसऱ्या पक्षाचा,” बसता बसता त्या मला म्हणाल्या. “निवडणूक आली की आमचा अबोला. पण कुरणाला दोघांनीही हो म्हटलं!”

मी नावाड्याला सगळ्यांना ऐकू जाईल असं सगळं सांगितलं. त्यानं लांबलचक भोंगा वाजवला. कुणीही न पाहिलेल्या त्या कुरणासाठी अख्ख्या बोटीनं टाळ्या पिटल्या आणि मी, चांगला मॅनेजर माणूस, तोंडात बोटं घालून शिट्टी मारली.